नारायणगुड्यातला समुद्र

हैदराबादला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या दाजींनी आजवर मान्य केलेली नाही. मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळे सुरुवातीला त्यांच्याशी वाद घालून पाहिला. पण नारायणगुड्यात तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाला लागून, अकरा काचेच्या टाक्यांत वाटून ठेवलेला समुद्र समोर दिसत असताना नकाशा काय कामाचा? रोज सकाळी त्या पाण्याचा खारटपणा मोजून झाल्याशिवाय दाजी चहाला तोंड लावत नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तर त्यांना कळत नाही, टाकीत चिमूटभर वाढलं तर चेहरा उतरतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उभी हयात सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गीता वाचतात, गुडघे दुखवून घेतात. दाजींनी कोठीच्या बाजारातून येताना प्लास्टिकच्या पिशवीत दोन क्लाउनफिश आणले आणि अक्काला म्हणाले, "जरा जागा कर."

क्लाउनफिश म्हणजे नारिंगी अंगाचा, बोटाएवढा मासा, त्यावर तीन पांढरे पट्टे. सगळ्या जगाला तो तसाच आवडतो. दाजींना आवडतो तो पट्टे चुकलेला. कुणाचा पट्टा मध्येच तुटलेला, कुणाचा पोटाकडे ओघळलेला, कुणाच्या गालावर नुसताच एक ठिपका. असे मासे निवडायचे, त्यांच्या जोड्या लावायच्या आणि पिल्लांच्या अंगावर पट्टे उठायची वाट पाहत भिंग घेऊन बसायचं. पिल्लांत एखादं तरी आजवर कुणी न पाहिलेल्या नक्षीचं निघेल, ही त्यांची पंधरा वर्षांची आशा. "सरळ पट्टे तर फाटकाच्या दांड्यालाही असतात," ते म्हणत, आणि तो दांडा त्यांनी आयुष्यभर पाहिलेला होता. दुकानदार या माशांना लांबलचक इंग्रजी नावं देतात. आमच्या घरात मात्र अक्कानं दिलेली नावं चालत. पोटावर पांढरं पसरलेल्याचं नाव 'उतू गेलेलं दूध', पट्टा अर्ध्यावर थांबलेल्याचं 'अर्धी भाकरी', आणि एकाच्या अंगावर तर असा गोंधळ होता की अक्कानं त्याचं नाव 'पोरानं केलेली रांगोळी' ठेवलं. दाजींनी ही नावं जाड वहीत, रेल्वेच्या सुबक अक्षरात उतरवली होती.

त्यांची पहिली जोडी लागली तेव्हाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते. मोठा, दांडगा मासा होता, त्याला दाजींनी रावसाहेब म्हणायला सुरुवात केली, आणि त्याच्या मागेमागे करणाऱ्या लहानखुऱ्या माशाला बाईसाहेब. रावसाहेब टाकीत हात घातला तर चावायचे. दाजींना त्यांच्या करारीपणाचं फार कौतुक. अंडी घालण्यासाठी म्हणून दुकानातून महागाची फरशी आणून ठेवली, तिच्याकडे दोघांनी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी वैतागून दाजींनी अक्काचं दह्याचं गाडगं उलटं करून टाकीत ठेवलं, आणि आठवडाभरात त्याच्यावर अंडी चिकटवली ती खुद्द रावसाहेबांनी. बाईसाहेब शेजारी उभ्या राहून पंखानं अंड्यांना वारा घालत होत्या. दाजींनी तीन दिवस पुस्तकं धुंडाळून शोधून काढलं की या जातीत सगळे जन्मतः नर असतात, जोडीतला थोरला असतो तो मादी होतो, आणि ती मेली की मागे उरलेला नर हळूहळू वाढून तिची जागा घेतो. अक्काला याचं काहीच नवल वाटलं नाही. "ज्याचा आवाज मोठा ती बायको. तुम्हाला एवढी वर्षं घरात कळलं नाही, ते माशात काय कळणार?" असं म्हणून तिनं दुसऱ्या गाडग्यात दही लावलं.

पिल्लांना खायला नजरेला न दिसणारे किडे लागतात आणि त्या किड्यांना खायला शेवाळाचं हिरवं पाणी. ते हिरवं पाणी आमच्या अक्काच्या फ्रिजमध्ये बाटल्यांतून भरलेलं असे. पुण्याहून इथं आयटीत आलेला आमचा एक भाचेजावई पहिल्यांदाच भेटायला आला, उन्हातून आलेला, त्यानं आपल्या हातानं फ्रिज उघडला आणि खसाचं सरबत समजून पेलाभर पिऊन टाकलं. आम्ही सगळे घाबरून डॉक्टरचा नंबर शोधतोय, आणि दाजी त्याला विचारतायत, "पांढऱ्या झाकणाची बाटली होती की निळ्या?" पांढऱ्या झाकणाची त्या आठवड्याच्या पिल्लांची होती. जावयाला काही झालं नाही, पण तेव्हापासून तो त्या घरात पाणीसुद्धा विचारून पितो. माझ्या मुलाच्या मुंजीतही दाजी भरल्या ताटावरून उठले होते, कारण नारायणगुड्यात लाइट गेल्याचं शेजाऱ्यांनी कळवलं होतं आणि टाक्यांत हवा सोडणारा पंप बंद पडला होता. मी चिडलो होतो. अक्का म्हणाली, "जाऊ दे त्यांना. माणसाला स्वतःला श्वास घेता येतो." तोंडानं कुरकुरत ती या संसाराचं सगळं करायची. पिल्लांचं खाणं गाळायला तिनं आपलं जुनं लुगडं फाडून दिलं होतं.

अक्का गेली त्याला आता दोन वर्षं होतील. आठ दिवसांचं आजारपण. त्यानंतर चार महिन्यांनी 'उतू गेलेलं दूध' गेली. ती मादी होती, पंधरा वर्षांत दाजींना मिळालेली सर्वांत सुंदर नक्षी तिच्या अंगावर होती, आणि मागे उरला तिच्याच जोडीतला नर, 'अर्धी भाकरी'. दुकानदार म्हणाला, मोठी मादी देतो, महिन्यात अंडी मिळतील. दाजींनी ऐकलं नाही. त्यांनी नखाएवढा एक पोरसवदा मासा आणून त्याच्याशेजारी सोडला. मला म्हणाले, "नक्को रे. मोठी आणली की हा जन्मभर लहानच राहायलाय. याला टाइम द्यावा लागतो."

बेंगळुरूहून त्यांचा मुलगा रोज फोन करून म्हणत होता की फ्लॅट विका आणि इकडे या. त्याचं काही चूक नव्हतं. एकटा म्हातारा माणूस, गुडघे गेलेले, तीन जिने. दाजींचं उत्तर ठरलेलं: "एवढा मासा मोठा झाला की बघू." मी दर रविवारी जायचो, दोघं टाकीसमोर बसायचो. ते विचारायचे, वाढलाय का रे? मी म्हणायचो, वाढलाय. खरं सांगायचं तर मला माशातलं काही कळत नव्हतं. मला धास्ती वेगळी होती. आईवडील गेल्यावर मला त्यांच्या घराच्या जागी म्हणावं असं एवढंच एक घर उरलं होतं, आणि बहीणच नाही म्हटल्यावर त्या घरावर माझा हक्क तरी कुठला? दाजी बेंगळुरूला गेले की दाराला कुलूप लागणार, आणि हे मी त्यांना बोलून दाखवू शकत नव्हतो.

पहिली दिवाळी आली ती न आल्यासारखी गेली. भाऊबीजेला मी शाळेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन घरीच बसलो. यंदा दसऱ्यानंतर दाजींचा फोन आला. नेहमीच्याच आवाजात त्यांनी सांगितलं की 'अर्धी भाकरी'नं अंडी घातली, थोडीच आहेत, पण रंग चांगला आहे. मग म्हणाले की मुलाला सांगून टाकलंय, मी इथंच राहणार, त्यानंच अधूनमधून येत जावं. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "भाऊबीजेला ये. उपाशी ये."

मला वाटलं, जेवायला बोलावतायत. गेलो तर पाट मांडलेला. भोवती रांगोळी होती, चार बोटं एकदम टेकवून काढल्यासारखी जाड. स्वयंपाकघरातून दाजी तबक घेऊन आले. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अक्काची अंगठी, सगळं जिथल्या तिथं. धोतर नेसलेला, पंचाहत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस तबक धरून उभा आहे आणि मी हसावं की काय करावं ते न कळून पाहत राहिलो. ते म्हणाले, "हसू नको. कसं करायचं ते मी चाळीस वर्षं बघायलोय. बस."

मी बसलो. त्यांनी माझ्या डोक्यावर रुमाल टाकला, बोटानं टिळा लावला, तो थोडा नाकावर उतरला. तीनदा ओवाळलं, अगदी सावकाश, ज्योत विझू न देता. मग तबक खाली ठेवलं आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले.

"आता पाया पड," ते म्हणाले. "मोठी होती ती तुझ्याहून."

मी वाकलो. माझ्या पाठीवर हात आला, पण कुणाचा ते मान वर करून बघावंसं मला वाटलं नाही.