हाकेच्या अंतरावरचा डीजे

मला जर्मनीला जायचंय. कशासाठी, असं विचारणारे स्वतःच उत्तर देऊन टाकतात, पगारासाठी. नर्सला तिकडं चांगला पगार मिळतो, हे खरंच आहे. पण माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण तिकडं दवाखान्यात लागली. तिनं एकदा रात्री जेवण झाल्यावर मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट केलं, तर खालच्या मजल्यावरची म्हातारी दार वाजवून दम देऊन गेली. मैत्रीण फोनवर रडत होती, की असली कसली कोरडी माणसं. मी म्हटलं, बाई, त्या म्हातारीच्या शेजारी खोली रिकामी असेल तर सांग. ती हसली. मी चेष्टा करत नव्हते.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेकाठी. निम्मी कामं साताऱ्याला, निम्मी सांगलीला. घरटी एक माणूस फौजेत, आमच्या घरातला माझा भाऊ. मी कराडला एका खाजगी दवाखान्यात नोकरी करते आणि सुट्टीला पत्रकं वाटते. आमचा छोटा गट आहे. बोअरचं पाणी, बंद पडलेली एसटी, ज्याचा राग येईल त्यावर आम्ही पत्रक काढतो. या वेळी गणपतीच्या आधी डीजेवर काढलं. मजकूर माझा. मला गोडगोड लिहिता येत नाही. ‘ज्या आवाजानं घरातलं माणूस घाबरतं त्याला भक्ती म्हणू नका, दहशत म्हणा,’ हे पहिलंच वाक्य होतं. पत्रकाखाली नाव आणि फोन नंबर द्यायचा हा आमचा नियम. निनावी पत्रक भित्री माणसं काढतात, असं मीच एका सभेत म्हटलं होतं. म्हणून नाव माझं होतं.

मग फोन यायला लागले. शिवी नाही, धमकी नाही. उचलला की नुसतं गाणं, बेस वाढवलेला. सलाईन लावताना, स्टँडवर उभी असताना, जेवताना. तक्रार तरी काय लिहून देणार? मला गाणं ऐकवलं?

माझी भीती आबांसाठी होती. माझ्या वडिलांसाठी. गेल्या उन्हाळ्यात त्यांना अटॅक आला आणि हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. त्या दिवशी मी ड्युटीवर होते. शेजारच्या घरात माझा चुलतभाऊ राहतो, माझ्याहून लहान, मला आक्का म्हणतो, आबांना तात्या. आईनं हाक मारल्याबरोबर तो भरल्या ताटावरून उठून आला, आबांना उचलून गाडीत घातलं आणि सांगलीपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. तो नसता तर आबा नसते. तोच चुलतभाऊ मंडळाचा अध्यक्ष आहे, आणि डीजे त्यानंच ठरवला. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. पत्रकात मात्र एकच बसतं.

मी त्याच्याकडं गेले होते. मिरवणूक मागच्या गल्लीनं न्या, निदान आमच्या दारात आवाज बंद ठेवा, एवढंच मागितलं. त्यानं चहा पाजला, आबांच्या गोळ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, “बघू की, आक्का. तात्या काय आमाला परका हाय व्हय?”

आमच्याकडं विसर्जनाची मिरवणूक दारोदार थांबते. घरातली बाई ताट घेऊन बाहेर येते, गणपतीला ओवाळते, मगच ट्रॅक्टर पुढं सरकतो. ओवाळल्याशिवाय दार ओलांडून जायचं नाही अशी रीत आहे. लहानपणी मला ती लय आवडायची.

दिवेलागणीला आवाज कोपऱ्यावर आला. आबांना आम्ही मागच्या खोलीत निजवलं होतं, कानात कापूस घालून, खिडकीला गादी उभी करून. ट्रॉलीवर स्पीकरची भिंत होती, मागच्या ट्रॉलीत गणपती. ती आमच्या दारात आली तशी मांडणीवरची भांडी नाचायला लागली. फरशीतून तळपायाला हादरे बसत होते. मी आबांचं मनगट धरून बसले होते. आईनं ताट आधीच तयार ठेवलं होतं, लवकर आटपावं म्हणून. ती बाहेर गेली आणि तशीच परत आली, निरांजन पेटतंच होतं. माझ्या कानाला तोंड लावून तिला ओरडावं लागलं. “मी नको म्हणत्यात. औंदा आक्कानंच ओवाळायचं म्हणत्यात.”

बाहेर गाणं बदललं. ट्रॉली हलली नाही.

मी नर्स आहे. बोटांखाली काय चाललंय ते मला कळत होतं. ठोका चुकत होता, मग घाईनं दोन पडत होते. आबांनी डोळे मिटून घेतले होते. मी गेले नसते तर ती पोरं तासभर थांबली असती, आणि सगळं रीतीला धरूनच झालं असतं. मी आईला आबांजवळ बसवलं आणि ताट घेतलं.

बाहेर सगळी ओळखीची तोंडं. कुणाला मी इंजेक्शन दिलेलं, कुणाच्या बाळंतिणीला रात्रभर बघितलेलं. एकाच्याही तोंडावर राग नव्हता, आणि मला भीती त्याचीच वाटत होती. रागावलेल्या माणसाशी मला भांडता येतं. ह्यांनी हात जोडून मला वाट करून दिली. चुलतभावाच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. माझ्या कानाशी वाकून तो म्हणाला, “पत्रक वाचलं, आक्का. लय भारी लिवलंय.” तो टोमणा होता की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्पीकरपुढून जाताना हवेच्या दणक्यानंच निरांजन विझलं. कुणीतरी लायटरनं पेटवलं. परत विझलं. पोरं हसत थांबली होती, कुणाला घाई नव्हती. शेवटी चुलतभावानं ज्योतीभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि गणपतीपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. मी ओवाळलं.

आणि आवाज एकदम बंद झाला. कानात नुसती शिट्टी. चुलतभावानं हात वर केला होता आणि तो माझ्या मागं बघत होता. मी वळले. दाराची चौकट धरून आबा उभे होते, त्यांच्या मागं घाबरलेली आई. मला वाटलं, सुटलो. ह्यांना दिसलं एकदाचं.

आबांनी गणपतीला हात जोडले. हसले. म्हणाले, “थांबलासा कशाला रं? वाजवा की. वर्साचा सण हाय.”

पोरांनी जयजयकार केला. चुलतभावानं एकदा आबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हात खाली घेतला. ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत आबा तसेच हसत उभे राहिले. मी त्यांचा हात धरला होता, बघणाऱ्याला वाटावं कौतुकानं धरलाय. तो गार पडला होता आणि घामानं ओला होता.

दुसऱ्या दिवशी कार्डिओग्राम काढला. काही निघालं नाही. म्हणजे या खेपेला काही निघालं नाही.

संध्याकाळी मी आबांना विचारलं, तसं का म्हणालात. ते म्हणाले, “मग काय म्हनू? तू कराडला, पोरगा बॉर्डरवर. उद्या छातीत कळ आली तर हाक कुणाला मारायची? त्येलाच न्हवं?”

तेवढ्यात तो आलाच, प्रसाद घेऊन. तात्या, गोळी घेतली का, असं विचारून त्यानं गोळ्यांची पट्टी स्वतः उलटून बघितली. मनापासून बघितली, त्यात खोट नाही. मी त्याला चहा केला. त्याला लागते तेवढी साखर घातली.

माणसं वाईट असती तर मी इथंच राहून लढले असते, पत्रकावर पत्रक काढलं असतं. पण ज्याला घाबरायचं आणि ज्याला हाक मारायची तो माणूस एकच असेल, तर काय छापायचं? मला असा देश पाहिजे, जिथं आजारी माणसासाठी गाडी बोलवायला कुणाच्या मर्जीत राहावं लागत नाही, आणि दार बंद केलं की ते बंद असतं. त्यात शेजारी कोरडा निघाला तर निघू दे.

साताऱ्याला जर्मनचा क्लास लावलाय. आबा म्हणतात, जा. तुम्ही येणार का, असं विचारलं तर म्हणाले, तिकडं माझी हाक कुणाला कळंल?

म्हणजे ते इथंच राहणार. मी तिकडं शांत खोलीत असेन, फोन वाजेल, आणि उचलल्याबरोबर मी आधी त्यांच्या आवाजामागं काय वाजतंय ते ऐकेन.