झुल्याला पाटी नव्हती

“ह्याला मेकअप नको,” सुजित म्हणाला. “हा तसाच दिसतो.”

ओतूरजवळच्या सुजितच्या घरच्या मळ्यात, कांदाचाळीसमोर आम्ही उभे होतो. सुजितच्या हातात नवा कॅमेरा. बाकी तिघांच्या तोंडाला पावडर, काजळ फासून झालं होतं, दोघांना साड्या नेसवल्या होत्या. माझी पाळी आली आणि त्यानं पावडरचा डबा बंद केला. सगळे हसले. मीही हसलो. इतकं मनापासून हसलो की सुजितनं माझ्या पाठीवर थाप मारली.

सुजित बागायतदाराचा मुलगा, कॉलेजात माझ्याच वर्गात होता. मी बौद्धवस्तीतला, हमालाचा मुलगा. बी.ए. झालो, नोकरी लागली नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी वडिलांबरोबर कांद्याच्या गोण्या ट्रकात भरायला जायचो. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. सुजितला मोबाईलवर टाकायला एक मूकपट काढायचा होता. जुन्या काळासारखा काळा-पांढरा, विनोदी, मागं नुसती पेटी वाजणार. गरीब हमाल, त्याची बायको, शेठ आणि शेठाणी, एवढीच पात्रं. हमालाचं नाव झुल्या. तो मी.

“गरिबीवर पिक्चर हाय, पण लोकं हसली पायजेत,” सुजित म्हणायचा.

आधी मी साधा चाललो. त्याला हसू आलं नाही. मग मी आबांची चाल काढली.

ट्रकाला एक लाकडी फळी लावलेली असते. पाठीवर गोणी घेऊन तिच्यावरून चढायचं. वजनानं फळी खालीवर झुलते, तिच्या झोक्याबरोबर पाय टाकावा लागतो. चुकला की माणूस गोणीसकट आडवा. गुडघे वाकलेले, मान पुढं, टाच उचलायची नाही. आबांचा उभा जन्म त्या फळीवर गेला. आता ते सपाट डांबरी रस्त्यावरही तसेच चालतात. एसटी स्टँडवर पोरं त्यांना बघून खिदळायची, तेव्हा लहानपणी मी त्यांचा हात सोडून मागं राहायचो.

तीच चाल मी कॅमेऱ्यासमोर करून दाखवली. सुजित पोट धरून हसला. “हेच पायजे. आजून वाक.” मी अजून वाकलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला बरं वाटत होतं, हे खरं. त्या पोरांच्या घोळक्यात मी पहिल्यांदाच मधोमध होतो.

मग पाण्याचा सीन. झुल्याला तहान लागते, तो शेठाणीकडे पाणी मागतो. तिनं तांब्या उंच धरून वरून ओतायचं, झुल्यानं ओंजळ धरायची आणि चिंब भिजायचं. माझे आजोबा ह्याच जुन्नर तालुक्यात असं पाणी प्यायले होते. घरात त्यांनी ते एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. मला ते आठवलं. आठवलं आणि तरी मी ओंजळ धरली. तांब्या नीट दिसला नाही म्हणून पुन्हा धरली. तेव्हाच उठून यायला हवं होतं. लाज कुठं गहाण टाकली होती मी, कोण जाणे.

मूकपटात बोलणं पाटीवर लिहून येतं. शेठ ओठ हलवतो, पाटी येते, ‘कामचोर!’ शेठाणी ओठ हलवते, पाटी येते. झुल्याही गोणीखालून बरंच काही बोलतो. मी खरंच बोललो होतो, हातवारे करून. पिक्चर तयार झाल्यावर बघतो तर झुल्याला एकही पाटी नव्हती. मी सुजितला विचारलं.

“त्याला पाटी कशाला?” तो म्हणाला. “त्यो पडला की लोकं हसत्यात. त्याला काय बोलायचं आसतं?”

मी मान डोलावली.

बघता बघता पिक्चर सगळ्या बाजाराच्या मोबाईलमध्ये गेला. चहावाल्यानं आबांना हाक मारून दाखवला. मी शेजारीच उभा होतो. आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. “ह्यो तर माज्यावानीच चालतोय की,” म्हणाले आणि हसले. मग माझ्याकडे बघितलं. परत देताना मोबाईलची काच सदऱ्याला पुसून दिली.

त्या दिवसापासून आबांचं नाव झुल्या पडलं. “ए झुल्या, चालून दाखव,” व्यापारी म्हणायचे आणि आबा दाखवायचे. गोणी खाली ठेवून, रिकाम्या पाठीनं, मी कॅमेऱ्यासमोर वाकलो होतो तेवढेच वाकून. त्यांची नक्कल मी केली होती, आता ते माझी करत होते.

घरी मी चिडलो. “कशाला दाखवता तुमी?”

“तुजं नाव व्हतंय न्हवं,” आबा म्हणाले. “आन् लोकं हसत्यात. मारत तर न्हाईत.”

त्यांच्यावर चिडायचं तोंड मला नव्हतं.

पुढच्या बाजाराला सुजित कॅमेरा घेऊन आला. दुसरा भाग काढायचा होता. “या टायमाला खरा झुल्याच घिऊ,” आम्ही ज्याचा ट्रक भरायचो त्या व्यापारी शेठला तो सांगत होता. “फळीवरनं पडायचं. गोणीत भुसा भरू.” आबा कधीच हो म्हणून बसले होते.

भराई चालू होती. मी फळीवर, माझ्यामागं आबा, खाली आणखी दोघं, सगळ्यांच्या पाठीवर भरल्या गोण्या. शेठ खालून ओरडला, “झुल्या, कॅमेऱ्यासाठी जरा डुलत चाल.”

फळीचा झोका बदलला. ते मला तळपायांना कळलं. मागं आबा डुलायला लागले होते. पाठीवर भुसा नव्हता, कांदा होता.

मी थांबलो.

फळीवर कुणी थांबत नाही. हमालीतला पहिला धडाच तो. पुढचा थांबला की मागचे सगळे वजनाखाली अडकतात.

“का रं थांबला?” शेठ म्हणाला.

“माज्या मागं हायेत त्यांचं नाव घ्या. यशवंत. झुल्या न्हाई. नाव घ्या, मग पाय उचलतो.”

“आरं, तूच केलं व्हतंस ना ते?” सुजित म्हणाला. “हसत हसत.”

खरं होतं. “केलं,” मी म्हणालो. “आता करनार न्हाई. आन् त्यो पिक्चर काढून टाक.”

मागून आबांचा श्वास ऐकू येत होता. “चल रं बाळा,” ते हळूच म्हणाले. “पाय भरून आलं.” त्यांच्या पायांचा कंप फळीतून माझ्या पायांत येत होता. कॅमेऱ्यासमोर मी त्यांच्याच जिवावर उभा होतो, आताही त्यांच्याच. पाय उचलावासा वाटला. नाही उचलला.

“घ्या की नाव, शेठ,” खालचा एक हमाल म्हणाला. “गाडी खोळंबलीय.”

शेठनं ट्रककडे बघितलं, बाजूला थुंकला. “यशवंत,” म्हणाला. “चल, यशवंत.” शिवी दिल्यासारखं घेतलं. पण घेतलं.

गोणी टाकून आबा ट्रकातच गुडघे दाबत बसले. दुपारची भाकरी त्यांनी माझ्यापासून लांब बसून खाल्ली. मी माफी मागितली नाही. ती मागून हलका मीच झालो असतो.

सुजितनं पिक्चर अजून काढून टाकलेला नाही. लई लोकांनी बघितलाय, असं सुजित सांगतो. मी दर बाजाराला त्याच्यापुढं जाऊन उभा राहतो, ‘काढून टाक’ म्हणतो. झुल्या अशी हाक अजून कुठून तरी येतेच.

म्हणून आता फळीवर पहिला मी चढतो. दुसऱ्या कुणाला पुढं जाऊ देत नाही. ती हाक आली की मी थांबणार. मागं आबा असतील, त्यांचे गुडघे लटपटतील, ते मला फळीतून कळेल. तरी थांबणार.