दादांची तगर आणि माझी कर्दळ

माझ्या फुलझाडांच्या निवडीवर नाराज असतानाच आमचे वडील वारले.

मी तेव्हा भाटघरला, धरणावरच्या बंगल्यात कारकून होतो. (म्हणजे साहेबांच्या सहीवर टीपकागद दाबायचो!) तिथल्या बागेत भादव्यात असा काही रंग उसळायचा, की घरी आल्यावर आमचं अंगण बघवेना. तेरडा लावावा तर दरसाल नव्यानं पेरा. शेवटी मी माळ्याला गाठलं.

"एकदा लावलं की दर भादव्यात फुलंल असं काय हाय?"

"कर्दळ न्या. गुलबक्षी न्या. गड्डा जमिनीत ऱ्हातोय, मरत न्हाई."

"आन् रंग?"

"लाल. लई लाल!"

अडचण जागेची होती. अंगणात ऐन मोक्यावर दादांची, म्हणजे वडिलांची, तगर उभी. रोज सकाळी तिचीच फुलं ते देवाला घालायचे.

"दादा, पांढरा ह्यो काय रंग झाला?"

"आसू दे की रं. तुला खाती व्हय ती?"

दादा भोंगवलीला आत्याकडं गेले आणि मी तगर मुळासकट उपटून तिथं कर्दळ लावली! परत आल्यावर, रोज अंगणात बसायचे ते मागं गोठ्यापाशी बसू लागले. मला वाटलं, कर्दळ फुलली की राग जाईल. कर्दळ फुलली, आणि त्याच आठवड्यात दादा तापानं गेले. माफी मागायची राहिली. ते अजून सलतं.

दहाव्याला नदीकाठी भटजींनी हात पुढं केला. "पांढरी फुलं?"

मी परडी दिली. भटजी दचकून मागं सरकले!

"अरे, पिंडावर लाल फुलं? देवीची पूजा आहे का ही?"

"घरात दुसरा रंगच नाही," मी म्हणालो. (हेच मी दादा जायच्या आधी गावभर छाती काढून सांगत होतो.)

चुलते पळत जाऊन कुणाच्या तरी परसातली दोन सुकलेली पांढरी फुलं घेऊन आले. पिंड मांडला. आता कावळा शिवला की दादांचं मागं काही अडलं नाही, असं समजायचं. बाभळीवर दहा-बारा कावळे होते. ते पिंडाकडं बघत, मग माझ्याकडं बघत.

मी हात जोडले. "दादा, आईला सांभाळीन!"

कावळे ढिम्म.

"दादा, म्हस इकणार न्हाई!"

ढिम्म. ऊन चढलं. चुलते कानाशी लागले, "आरं, त्यांच्या मनातलं बोल!"

"दादा, तगर लावतो! दोन लावतो!" मी ओरडलो. एक कावळा उडाला, आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

तेव्हा बायकांत बसलेली आई उठली. तिनं पदर सावरला.

"आवो, तगर म्या लावती. ह्यो परत झाडाला हात लावनार न्हाई. या आता."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळ्यानं पिंडाला चोच मारली! "शिवला! शिवला!" म्हणत सगळी माणसं डोळे पुसू लागली. मीही हुंदके देऊन रडलो. म्हणजे दादांच्या शेवटच्या इच्छेपायी मला जन्मभर काहीही करायचं नव्हतं. आणि तेवढंच एक काम मला नीट जमण्यासारखं होतं!