कुंकू लावलेली फळी

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. धरणाच्या पाण्यापलीकडे आमचं रान उरलेलं, आणि बैल तिकडे न्यायचे तर डोंगराला दिवसभराचा वळसा. म्हणून सांगड घ्यायचं ठरलं. सांगड म्हणजे शेजारी शेजारी बांधलेल्या दोन होड्या, वर फळ्या आणि मधे शिडाची काठी. कोयनानगरच्या अलीकडे एकजण वापरलेली सांगड विकत होता. पलटणीत मी होड्यांचे पूल बांधलेले, म्हणून पारख माझ्याकडे आली. ती रोज चालवणार होता माझा धाकटा भाऊ. त्याला पोहता येत नव्हतं.

सांगड काठावर ओढून ठेवली होती. मी लाकडी हातोडीनं फळीन् फळी ठोकली. चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं नुसतं भद्द करतं. शंका आली तिथं दाभण खुपसलं. डावी होडी ठणठणीत निघाली. उजवीला मात्र ताजं डांबर होतं. जुन्या होडीला नवं डांबर दिसलं की माझं डोकंच फिरतं, म्हणून ते खरवडून बघितलं. खाली लाकूड शाबूत होतं.

तळाशी एका फळीवर हळदीकुंकवाचा जाड थर होता आणि वर झेंडूची फुलं.

"दादा, हितं बी टोच की," भाऊ म्हणाला.

"येडा हायस का? पुजलेल्या जागंला लोखंड लावतोस व्हय रं?" मी चारचौघांत त्याच्यावर खेकसलो. मालक पाण्याकडे बघत होता.

पूजा माणसं होडीच्या पुढच्या टोकाची करतात. पाण्याखाली बुडणाऱ्या फळीला कुंकू कोण लावतं? एवढी साधी गोष्ट मला दिसू नये, याचा संताप आजही येतो. तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "घेऊन टाकू."

तिसऱ्या दिवशी मी, भाऊ आणि बैलजोडी निघालो. वारा बरा होता, शीड भरलं होतं. मध्यावर उजवी बाजू जड वाटायला लागली. मी वाकून बघितलं, तर तीच फळी आत दबली होती आणि पाणी भसाभसा येत होतं. बैल बिथरून त्याच अंगाला सरकले आणि सांगड उलटली.

भावानं माझ्या गळ्याला मिठी मारली. आम्ही दोघं खाली जायला लागलो. पलटणीत शिकवलेलं, बुडणाऱ्याची मिठी आधी सोडवायची, मग त्याला मागून धरायचं. मी त्याची बोटं एकेक करून उघडली, त्याला ढकललं आणि धरायला वळलो. तिथं नुसतं पाणी होतं.

आई मरेपर्यंत विचारायची, "हात निसटला व्हय रं त्याचा?"

मी दरवेळी व्हय म्हणालो.