मोठ्या बाबांना चिकटलेला शब्द

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला काहून सांगून राहिले, मलाच कळत नाही — पण आता आत ठेववत नाही, एवढं खरं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी शिकायला रायपूरला आले ती त्यांच्याच घरी. फ्रेंचच्या क्लासला सोडायला-आणायला त्यांचीच स्कूटर. "आमची पोट्टी फ्रेंच बोलते," असं सदर बाजारातल्या दुकानदारांनाही सांगायचे, कोणी विचारलेलं नसताना. सिलतऱ्याला ते कंट्रोल रूममध्ये कामाला होते त्या कारखान्यात फ्रान्सचा इंजिनियर नवी मशीन बसवायला आला, तेव्हा दुभाषी म्हणून माझं नाव त्यांनीच साहेबांच्या कानावर घातलं.

मग — कसं सांगू? मिटिंगच्या आधी, सगळ्यांसमोर, मोठे बाबा मला म्हणाले, "काहून व पोट्टे, डबा तसाच हाय? खाऊन घे न." नव्या लागलेल्या दोन इंजिनियर पोरी फिस्सकन हसल्या. एकीनं विचारलं, रिश्तेदार हैं क्या? मी म्हटलं, नहीं, पारे के हैं. मोहल्ल्यातले म्हणे! ज्यांच्या घरी सकाळी पोहे खाऊन निघाले होते, ते!

मिटिंगमध्ये तो फ्रेंच माणूस मोठ्या बाबांबद्दल सहज बोलला, कॉम्प्युटरवर हे 'न्युल' आहेत. न्युल म्हणजे शून्य, बेकार — पण ते लोक हा शब्द दिवसभर वापरतात, फालतू सिनेमाला, बेचव कॉफीला, स्वतःच्या स्वयंपाकालाही. मला साहेबांना साध्या इंग्रजीत एवढंच सांगायचं होतं की कॉम्प्युटरमध्ये कच्चे आहेत. शिकवलं की जमेल, असंही तो पुढे म्हणाला. मला सगळं नीट कळलं होतं. चुकले असते तर बरं झालं असतं! मी कॉम्प्युटर गाळला, शिकवणं गाळलं आणि म्हटलं, "ही इज वर्थलेस."

का? त्या डब्याची लाज वाटली म्हणून. त्यांच्या बोलीची — म्हणजे माझ्याच बोलीची — लाज वाटली म्हणून. मोठे बाबा समोरच बसले होते. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं.

कंट्रोल रूममधून काढून त्यांना गेटवर बसवलं. घरी मोठी आई, त्यांची बायको, रडत होती, तर ते तिलाच समजावत होते — पोट्टीनं काय केलं, गोरा बोलला ते तिनं सांगितलं. मी बाजूलाच बसून वरण-भात खात होते. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं.

यंदा दसऱ्याला त्यांच्या तेलीबांध्याच्या घरी सोनं द्यायला गेले. आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली, पाया पडायला वाकले. मोठे बाबा हसत म्हणाले, "काय व, वर्थलेस माणसाचा आशीर्वाद लागते का तुले?"

घरातले सगळे हसले. नेहमीचाच विनोद आहे तो त्यांचा — तो शब्द त्यांनी कधीच स्वतःला लावून घेतलाय. मीही हसले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.