समासातलं भांडण

लिफ्टवाल्यांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, पण स्वतः तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जिन्यानेच जायचे. का, म्हणून कोणी विचारलं तर "आतलं बघितलंय मी," एवढंच सांगायचे. ऐकणारा मग निदान त्या दिवसापुरता जिना धरायचा. माणूस अंगाने आडवा, बोलायला सरळ, आणि हातात जोर इतका की पेन्सिलीने पानावर लिहिलं की पुढच्या तीन पानांवर वळ उठायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांना एकच व्यसन उरलं होतं, काळप्रवासाच्या गोष्टींचं. बायको म्हणायची, पत्ते परवडले असते, त्यात माणूस निदान चालू वर्षात तरी असतो. पण गोष्टी नुसत्या वाचून समाधान मानणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांना भांडायला कोणीतरी लागायचं, आणि त्यासाठी मास्तर होते.

मास्तर भूमिती शिकवायचे. शरीर काडीसारखं, अक्षर तिरकं आणि इतकं फिकट की वाचायला पान उजेडाकडे धरावं लागे. या दोघांची भांडणाची एक पद्धत होती. वाचनालयातलं पुस्तक आधी एकाने न्यायचं, समासात शेरे मारायचे आणि परत करायचं. मग दुसऱ्याने तेच नेऊन खाली उत्तरं लिहायची. समोरासमोर भेटले की गप्पा फक्त गुडघेदुखीच्या. ग्रंथपाल बाईंनी आधी दंड केला, मग दोघांना एकेक खोडरबर भेट दिला आणि शेवटी हात टेकले. त्या कपाटाकडे तसंही दुसरं कोणी फिरकत नव्हतं.

वाद एकच, पण लेखक अनेक. एक होते जाडजूड कादंबऱ्या लिहिणारे. त्यांचा नायक जळालेलं घर वाचवायला मागच्या काळात जातो आणि अंधारात त्याच्याच पायाने दिवा लवंडतो. लिफ्टवाल्यांनी तिथे लिहिलं होतं, 'काटेकोर काम.' त्यांच्या मते सगळे मजले जागच्या जागीच असतात. आपण खाली उतरलो म्हणून तळमजल्याची फरशी बदलत नाही. मास्तरांना हा लेखक म्हणजे पेपर तपासायच्या आधीच निकाल लावणारा परीक्षक वाटायचा. त्यांचा जीव एका लेखिकेवर. तिची नायिका मागे जाऊन फक्त एक खुर्ची खिडकीकडे वळवते. परत येते तर मेलेली बहीण दार उघडते आणि विचारते, कोण हवंय आपल्याला? जन्मभर फळ्यावरची आकृती पुसून पुन्हा काढणाऱ्या माणसाला दुसरं काय आवडणार! राहिला एक तरुण लेखक. त्याच्या गोष्टींत माणूस कुठेच जात नाही, नुसत्या चिठ्ठ्या जातात. त्याच्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं की हा कामचुकारपणा आहे. या एकमताचा धक्का बसून दोघांनी त्या दिवशी एकमेकांना चहा पाजला.

आणि मग लिफ्टवाल्यांची जीभ, म्हणजे पेन्सिल, घसरली. लेखिकेच्या पुस्तकात मास्तरांनी खुर्चीपाशी लिहिलं होतं, 'एवढंसं पुरतं.' त्याखाली लिफ्टवाल्यांनी दाबून लिहिलं, 'भूतकाळ बदलता आला असता, तर तुझा मुलगा घर सोडून गेला नसता.'

लिहिताना ते हसत होते. पुस्तक परत करून जिना चढताना, दुसऱ्या मजल्यावर, तेच वाक्य त्यांना मास्तरांच्या कानांनी ऐकू आलं आणि ते पायरीवर बसले. सकाळी वाचनालय उघडायच्या आधी खोडरबर घेऊन दारात हजर झाले. पण मास्तर आदल्या संध्याकाळीच पुस्तक घेऊन गेले होते.

त्यानंतर मास्तर वाचनालयाबाहेरच्या नेहमीच्या बाकावर दिसले नाहीत. आठवड्याने कळलं की हॉस्पिटलात आहेत, हृदयाचं दुखणं आहे. लिफ्टवाले दोनदा गेटपर्यंत जाऊन परत फिरले. कुठल्या तोंडाने आत जायचं? मास्तर एकोणीस दिवस तिथे होते. विसाव्या दिवशी गेले. पुस्तक त्यांच्या बायकोने, वहिनींनी, परत आणून दिलं.

आता लिफ्टवाल्यांना एकच गोष्ट हवी होती: त्याने ते वाचलं होतं का? आणि वाचलं असेल, तर काय मनात घेऊन गेला? हे वहिनींना विचारणं शक्य नव्हतं. पंधरा दिवसांनी, दुपारी, त्यांनी वाचनालयात ते पुस्तक उघडलं. त्यांचं वाक्य तसंच होतं. खाली जागा कोरी. त्यांनी वाक्य खोडलं, पण वळ काही जाईनात. मग त्या वळांवरच त्यांनी, जन्मात पहिल्यांदा हलक्या हाताने, लिहिलं, 'चुकलो. उद्या दहाला हॉस्पिटलात येतो.' मेलेल्या माणसाला भेटीची वेळ देतोय, हे लक्षात येऊन त्यांना स्वतःचीच कीव आली. पुस्तकाचा कणा सुटला होता, म्हणून बाईंनी ते आपल्या टेबलाच्या खणात कुलपात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून त्यांनी ते मागून घेतलं. बाईंनी कुलूप काढून दिलं. त्यांच्या ओळीखाली फिकट, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'ये. सफरचंदं आणू नकोस, दाढ दुखतेय.'

लिफ्टवाल्यांनी पानावरून अंगठा फिरवला. जुन्या वाक्याचे वळ नव्हते. पुढची तीन पानं उलटून पाहिली, तीही नव्यासारखी गुळगुळीत. खणाला कोणी हात लावला का, म्हणून त्यांनी विचारलं. किल्ली माझ्याकडेच असते, बाई म्हणाल्या, आणि तुम्ही आधी पाणी प्या.

घरी आले तर वहिनी बसल्या होत्या. मांडीवर लिफ्टवाल्यांचा तपकिरी स्वेटर, घडी घातलेला.

"भावजी, हा आमच्या पिशवीतच राहिला हो. एकोणीस दिवस त्या एसीत बसलात, आणि वर स्वेटरही गमावला असतात."

लिफ्टवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिला काहीच नवल वाटलेलं नव्हतं. तरीच म्हटलं कपाटात दिसत नाही, रोज दहाला घालूनच तर निघायचात, असं म्हणत ती चहा ठेवायला आत गेली.

"वहिनी," ते जपून म्हणाले, "आम्ही बोलायचो काय?"

"मला काय विचारता? मला तर दोघं मिळून व्हरांड्यात पाठवायचात. नुसतं हसणं ऐकू यायचं." त्यांनी स्वेटर लिफ्टवाल्यांच्या हातात दिला. "शेवटच्या सकाळी मात्र मी दारातच होते. त्यांनी तुम्हाला जवळ बोलावलं, कानात काहीतरी सांगितलं. बराच वेळ. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर ते कोणाशीच बोलले नाहीत. आजवर विचारायचा धीर झाला नाही. काय म्हणाले हो ते?"

स्वेटरला औषधांचा वास येत होता. उजव्या बाहीवर कोणीतरी पुष्कळ वेळ धरून ठेवल्यासारख्या चुण्या पडल्या होत्या. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"सांगतो," लिफ्टवाले म्हणाले. समोर खुर्ची ओढून बसले, आणि आठवू लागले.