चार वाजायच्या आधीचं तेल

माझ्या सासूबाई वृद्धाश्रमात आया होत्या. तीस म्हातारी माणसं आणि आया दोनच, म्हणून उठून फिरणाऱ्यांचे हात त्या सरळ खुर्चीला बांधायच्या. भेटीची वेळ चारची. त्याआधी पट्ट्या सोडून, वळ दिसू नयेत म्हणून मनगटांना तेल चोळायच्या. भेटायला आलेल्या लेकी उलट आभार मानायच्या, "आईची किती काळजी घेता हो."

हे त्यांनीच मला सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आता त्या स्वतःच थकल्यात. मनगटं ठणकतात, म्हणून काल दुपारी मी तेल कोमट करून चोळायला बसले. त्यांनी दुसरा हातही पुढे केला आणि हळूच विचारलं, "भेटायला कोण येणार आहे गं?"